नऊ-चारचा पाहुणा

कल्पना करा, रविवारची सकाळ आहे आणि इंटरनेटवरच्या तुमच्या पानातला एक शब्द तुम्हाला बदलायचा आहे. फोन खिशात ठेवा, इथं त्याचा काही उपयोग नाही. टेबलाखालच्या पेटीएवढ्या कॉम्प्युटरचं बटण दाबा आणि तो जागा होईपर्यंत चहा पिऊन या. कप विसळून, पुसून जागेवर ठेवलात तरी चालेल, घाई नाही. आता टेक्स्ट एडिटरमध्ये पानाची फाइल उघडा. तिथं तुमचं पान दिसणार नाही, टोकदार कंसांचं रान दिसेल. त्यातून वाट काढत एकशे चाळिसाव्या ओळीवर या. शब्द बदला. एफटीपीचा प्रोग्राम उघडा आणि पासवर्ड टाका. तो डोक्याला कधीच पाठ नव्हता, बोटांना आहे, तेव्हा विचार न करता टाका. डावीकडे तुमचा कॉम्प्युटर, उजवीकडे कुठल्या तरी लांबच्या गावातला सर्व्हर. डावीकडची फाइल उचला, उजवीकडे सोडा. निळी पट्टी टोकाला पोचली की श्वास सोडा. झालं. एक शब्द, पाऊण तास.

सेकंदकाका हे काम बावीस वर्षं दर रविवारी करत होते. याहून सोपी पद्धत निघाली आहे असं कुणी सांगितलं, तर भिंग न लावता घड्याळ उघडणाऱ्या माणसाकडे बघावं तसं ते त्याच्याकडे बघायचे.

सेकंदकाकांचा धंदा घड्याळदुरुस्तीचा. घराच्या तळमजल्यावर दुकान, रस्त्याकडे एक काचेची खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर चिमटे आणि भिंती भरून घड्याळं. किती वाजले असं कुणी विचारलं तर बाकीचं जग 'साडेदहा झाले' म्हणतं. काका म्हणायचे, "दहा, एकोणतीस, चाळीस." चाळीस म्हणेपर्यंत विचारणारा कोपऱ्यावर पोचलेला असायचा. नाव तिथून पडलं.

"आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा मला यायला चार मिनिटं उशीर झाला," काकू सांगायच्या. "हे माझ्यावर नाही रागावले, माझ्या घड्याळावर रागावले. म्हणाले, द्या इकडे, उघडून बघतो. मी म्हटलं, माणूस हातचा जाऊ द्यायचा नाही, घड्याळ तरी नीट राहील."

पान सुरू झालं ते एका प्राध्यापकांमुळे. त्यांच्या वडिलांचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ काकांनी चालू केलं, तर त्यांनी मोबदला म्हणून काकांना चार रविवार बसवून वेबपान लिहायला शिकवलं. चौथ्या रविवारी पान जगासमोर आलं. निळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं. वर फिरत्या काट्यांचं चित्र, खाली भेट देणाऱ्यांचा हिरवा आकडा, त्याखाली अभिप्रायाची वही. एका बाजूला फावडं मारणारा एक छोटा माणूस आणि 'काम चालू आहे' अशी पाटी. तो माणूस बावीस वर्षं फावडं मारत होता, एक खड्डा पुरा झाला नव्हता. 'लंबकाचं घड्याळ मागे पडत असेल तर' या तिसऱ्या पानाच्या दुव्याशेजारी 'नवीन!' असं लुकलुकत होतं. ते पान लिहिलं तेव्हा काकांची लेक दुसरीत होती. आता ती सॉफ्टवेअर कंपनीत अकरा माणसांची साहेबीण होती.

अभिप्रायाच्या वहीत एकूण एकेचाळीस नोंदी होत्या. त्यातल्या चौदा काकूंच्या, वेगवेगळ्या नावांनी. "रिकामी वही बघून यांचं तोंड एवढंसं व्हायचं," त्या सांगायच्या, "मग मी परदेशातली बाई व्हायचे." हे काकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, कारण परदेशातली बाई 'जेवायला या' असं लिहायची.

पण काकांचा खरा अभिमान होता पानावरची सगळ्यात साधी ओळ. अगदी वर, मधोमध: 'आत्ताची अचूक वेळ', आणि पुढे तास, मिनिटं, सेकंद. पान उघडलं की सर्व्हर आपलं घड्याळ बघून तो आकडा लिहायचा, आणि सर्व्हरचं घड्याळ जगातल्या मोठ्या अचूक घड्याळांशी मिळवलेलं असायचं. घड्याळवाल्याच्या पानावर वेळ नसणं म्हणजे न्हाव्याच्या दुकानात आरसा नसणं, असं काकांचं मत होतं.

पान चढवून झालं की काका उजवीकडची एक फाइल डावीकडे आणायचे. तिला लॉग म्हणतात. पानावर कोण, कधी, काय उघडून गेलं याची सर्व्हरने ठेवलेली नोंद. प्रत्येक भेटीची एक ओळ, त्यात तारीख, वेळ सेकंदापर्यंत, आणि पाहुण्याच्या ब्राउझरचं नाव. शेजारी वर्तमानपत्र वाचतात, काका लॉग वाचायचे. आणि त्या लॉगमध्ये अकरा वर्षांपूर्वी त्यांना नऊ-चार सापडला.

कुणीतरी एकजण दर रविवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांच्या आसपास यायचा. पहिलं पान उघडायचा. पाऊणएक मिनिटाने तेच पान पुन्हा उघडायचा. मग आठवडाभर पत्ता नाही. ब्राउझर इतका जुना की त्याचं नाव लेकीने ऑफिसात सांगितलं तेव्हा दोघांना ठसका लागला. असा ब्राउझर वापरणारा दुसरा कुणी त्या लॉगमध्ये नव्हताच, त्यामुळे ओळख चुकायचा प्रश्न नव्हता. पण कोण, कुठला, काही कळायला मार्ग नाही. लॉगमधल्या आकड्यांवरून फार तर त्याची इंटरनेट कंपनी कळते, घर कळत नाही.

काकांनी एका जाड वहीत त्याच्या वेळा लिहायला सुरुवात केली. पाचशेच्या वर रविवार झाले.

"आले का तुमचे नऊ-चार?" काकू दर रविवारी वरून विचारायच्या.

"आले. तीन, छत्तीस."

"चहा विचारलात का?"

आणि मग ई-मेलने एक चिठ्ठी आली. पान जिथं ठेवलं होतं त्या कंपनीने कळवलं, की जुने सर्व्हर महिनाअखेर बंद होतील, आपापला बाडबिस्तरा हलवावा. काकांनी चिठ्ठी छापून टेबलाच्या काचेखाली सरकवली. म्हणजे ती कायम डोळ्यांसमोर राहील आणि तिचं काही करावं लागणार नाही. दुसरी चिठ्ठी आली, तीही काचेखाली गेली. तिसरी आली तेव्हा काकूंनी लेकीला फोन केला.

लेक शनिवारी आली. पाठीवरची बॅग उतरवायच्या आधीच तिने काचेखालच्या चिठ्ठ्या वाचल्या.

"बाबा, नऊ दिवस राहिलेत."

"आठ. आजचा धरू नकोस, अर्धा संपला."

"हे पान मी नवीन सर्व्हरवर नेते. पत्ता तोच राहील, फक्त घर बदलेल. आणि जाता जाता जरा रूप पण बदलू या ना. निळ्यावर पिवळं वाचून माझे डोळे लहानपणीच गेलेत."

"तुझा चष्मा तुझ्या आईकडून आलाय."

"बाबा, हा फावडेवाला!"

"त्याला काढायचं नाही. कामावर आहे तो."

बराच वेळ असं चाललं. काका एकेक वस्तू धरून बसत होते, लेक एकेक बोट सोडवत होती. शेवटी काकांनी जाड वही काढून तिच्यासमोर ठेवली. मुख्य मुद्दा तोच होता, बाकीचं सगळं त्याच्या आडून चाललं होतं.

"हा माणूस बिचकता कामा नये. बाकी काय करायचं ते कर."

लेकीने वही चाळली. मग तिने बापाकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर काका ओळखत होते. गिऱ्हाइकाच्या आजोबांचं घड्याळ आतून पार गंजलंय हे सांगायच्या आधी ते स्वतः असंच बघायचे.

"बाबा, हा माणूस नाहीये. दर रविवारी, ठरलेल्या वेळी, दोनदा, तेच पान? हा बॉट आहे. कुठल्या तरी कॉम्प्युटरवर कुणीतरी कधीकाळी लावून ठेवलेला प्रोग्राम. लावणारा विसरला पण असेल."

"प्रोग्रामला थंडी वाजते का गं?"

"म्हणजे?"

"ही थंडीतली पानं बघ. नऊ तीन वीस, तीन अठरा, तीन पंचवीस. ही उन्हाळ्यातली. चार पंचवीस, चार तीस. दर वर्षी असंच, वर-खाली, वर-खाली. हा माणूस घड्याळाच्या टोल्यावर येतो. त्याच्या घरी लंबकाचं घड्याळ आहे, आठवड्याला चावीचं. ते आठवड्यात पावणेचारेक मिनिटं मागे पडतं. त्याच्या नऊच्या टोल्याला खरे नऊ-चार झालेले असतात. तो माझी वेळ बघतो, काटे पुढे करतो, आणि नीट लागले का म्हणून परत एकदा बघतो. उन्हाळ्यात लंबकाची लोखंडी दांडी तापून हातभर नाही पण केसभर वाढते, लंबक आळसावतो, घड्याळ आणखी मागे. थंडीत उलटं. मला तर त्याच्या घरात ऊन कधी येतं तेसुद्धा कळतं."

लेकीने वही मिटली. मग म्हणाली, "छान आहे, बाबा. पण वेळ बघायला आज कुणी कुणाच्या वेबपानावर जातं का?"

'छान आहे' हे तिने त्याच सुरात म्हटलं, ज्या सुरात काका म्हणायचे, 'घड्याळ फार चांगलं होतं हो.' काकांना ते लागलं. पण त्यांनी पान तिच्या हवाली केलं. नऊ दिवसांतले आठच उरले होते.

दोन अटी मात्र घातल्या. लॉग कच्चा मिळाला पाहिजे, रंगीत आलेख नकोत. आणि जुना ब्राउझर अडेल असं कुठलंही नवं कुलूप दाराला लावायचं नाही. दुसरी अट ऐकून लेकीने कपाळाला हात लावला, पण मान्य केली.

नवं पान शुक्रवारी चढलं. पांढरं, स्वच्छ, मोकळं. काकांनी ते भिंग लावून तपासावं तसं तपासलं. अक्षरं बारीक आहेत म्हणाले. बटणांचे कोपरे कुणी कुरतडलेत का विचारलं. फावडेवाला होता, लेकीने त्याला एका कोपऱ्यात नेऊन बसवला होता, पण फावडं चालू होतं. लंबकाचं तिसरं पानही होतं, 'नवीन!' न लुकलुकता. काकांनी सतरा चुका काढल्या आणि मनातल्या मनात पान बरं आहे असं ठरवलं.

अठरावी चूक त्यांना दिसली नाही.

रविवारी काकांनी लॉग उघडला. नऊ, तीन, पंचावन्न. आला! मग पाऊण मिनिटाने परत. बरोबर. मग परत. आणि परत. नऊ-सहाला, नऊ-सातला, नऊ-नऊला. एकूण सात वेळा. त्यानंतर काही नाही.

अकरा वर्षांत तो कधी दोनदाच्या वर आला नव्हता. काकांनी पान उघडलं आणि पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहिलं. काय नाही इथं? शोधता शोधता त्यांनी सवयीने भिंतीकडे पाहिलं, किती वाजले ते बघायला, आणि कळलं.

वेळ नव्हती. 'आत्ताची अचूक वेळ' ही ओळच नव्हती.

ती आपल्याला कशी दिसली नाही, हे त्यांना कुणी विचारलं नाही, तरी ते दिवसभर स्वतःला विचारत राहिले. उत्तर भिंतीवर टिकटिकत होतं. तीस घड्याळांमध्ये बसणारा माणूस वेळ बघायला आपल्या पानावर कशाला जाईल? बावीस वर्षांत त्यांनी ती ओळ स्वतः एकदाही वाचली नव्हती.

फोनवर लेक म्हणाली, "हो, मी काढली ती. बाबा, प्रत्येकाच्या फोनमध्ये वेळ असते. मला वाटलं..."

"त्याच्याकडे फोन असता तर तो सात वेळा दार ठोठावत उभा राहिला असता का?"

"आजच्या आज परत लावते," लेक म्हणाली.

"लाव. पण तो आता कशाला येईल? दुकान बंद दिसलं की गिऱ्हाईक एकदा परत फिरतं. दुसऱ्यांदा दुसऱ्या दुकानात जातं."

त्या आठवड्यात काकांनी एका बाईंच्या घड्याळाला दुसऱ्याच्या घड्याळाचा पट्टा लावला. काकूंनी आमटीत मीठ घातलं नाही, हे बघायला, की यांना कळतं का. कळलं नाही.

गुरुवारी मात्र काका जेवता जेवता थांबले. "त्याने दुसरीकडे कुठे वेळ बघितली नसेल," ते म्हणाले, "तर काटे पुढे केलेच नसणार."

"कुणी?"

"नऊ-चारने. चावी दिली असेल, चावी तो चुकवणार नाही. पण घड्याळ तीन पंचावन्न मागे होतं ते तसंच राहिलं. या आठवड्यात आणखी तीन पंचावन्न. म्हणजे येत्या रविवारी त्याचे नऊ वाजतील तेव्हा खरे नऊ, सात, पन्नास झालेले असतील." त्यांनी घास खाली ठेवला. "प्रोग्राम असेल तर नऊ-चारलाच येईल. माणूस असेल तर नऊ-आठला."

"आणि आलाच नाही तर?" काकू म्हणाल्या, आणि लगेच त्यांनी आमटी वाढली, मिठाची.

रविवारी लेक साडेआठलाच आली, न बोलावता. वाटेत काही आणायला थांबलीही नव्हती. तिने आपला लॅपटॉप घड्याळांच्या टेबलावर ठेवला आणि लॉग असा उघडला, की नवी ओळ लिहिली जाईल तशी समोर दिसावी. काकूही खाली आल्या. त्यांना म्हणे खिडकीची काच पुसायची होती.

नऊ वाजले. तीस घड्याळं वाजली, एकेक सेकंदाच्या अंतराने, कारण दुरुस्तीला आलेली घड्याळं एकमताने कशी वाजणार?

नऊ-तीन. लेक पुढे सरकली. तीन पंचावन्न. नऊ-चार. लॉगमध्ये एक ओळ आली, तिघंही वाकले. ते कुठलं तरी शोधयंत्र होतं, नेहमी येणारं.

"नऊ-चारला नाही आला," लेक म्हणाली. हरल्याचं तिला वाईट वाटलं नाही, पण आनंदही झाला नाही. तिचं म्हणणं खोटं ठरलं होतं, पण बापाचं अजून खरं ठरलं नव्हतं.

नऊ-पाच. नऊ-सहा. काकू तीच काच तिसऱ्यांदा पुसत होत्या. काकांनी एक चिमटा उचलला, ठेवला, परत उचलला. नऊ-सातला ते उठून भिंतीवरचं एक घड्याळ उगाचच सरळ करायला गेले. पडद्याकडे पाठ केलेली बरी.

"सात पन्नास," लेक म्हणाली.

काका वळलेसुद्धा नाहीत.

"बाबा."

"नाही ना आला? असू दे."

"बाबा, इकडे बघा!"

नऊ, सात, अठ्ठावन्न. तोच पुरातन ब्राउझर. पहिलं पान.

लेकीने काकांचा दंड इतक्या जोरात धरला की चिमटा खाली पडला. आणि पाऊण मिनिटाने दुसरी ओळ. तेच पान. मग शांतता. दोनदाच. त्याने वेळ बघितली होती, काटे पुढे केले होते, पडताळून पाहिलं होतं.

"आठ सेकंद उशीर," काका म्हणाले. "दुसरं काही नाही. खुर्चीतून उठायला वेळ लागला असेल. वयस्कर असेल बिचारा."

"तुमच्यासारखा," काकू म्हणाल्या आणि फडक्याने डोळे टिपले. काच पुसायचं फडकं होतं ते, त्यामुळे मग डोळे धुवावे लागले.

त्या दिवशी लेक गेली नाही. जाड वही घेऊन ती संध्याकाळपर्यंत आकडे मांडत बसली. दांडी लोखंडाची असेल तर किती अंशाला किती सेकंद, हे तिने हिशेब करून काढलं आणि काकांना दाखवलं. ते केसभरही चुकले नव्हते. मग तिने अकरा वर्षांचे लॉग एकत्र करून नऊ-चारच्या सगळ्या ओळी बाजूला काढल्या, आणि एकदम म्हणाली, "बाबा, गंमत बघा. याने फक्त पहिलंच पान उघडलंय. कायम. तिसरं एकदाही नाही."

काकांनी भिंग काढून ठेवलं.

तिसरं पान, म्हणजे 'लंबकाचं घड्याळ मागे पडत असेल तर'. त्यावर चित्रासकट दिलं होतं, की लंबकाच्या तळाशी एक छोटा नट असतो, तो थोडा वर चढवला की लंबक आखूड होतो आणि घड्याळ मागे पडायचं थांबतं. अर्ध्या मिनिटाचं काम. हत्यारसुद्धा लागत नाही, दोन बोटं पुरतात. दर रविवारी नऊ-चारच्या नाकासमोर त्या पानाचा दुवा अकरा वर्षं 'नवीन!' म्हणून लुकलुकत होता.

"मीच आंधळा," काका म्हणाले. "अकरा वर्षं रोगी दारात येतोय, आणि मी त्याची नाडी वहीत लिहून ठेवतोय."

त्यांनी जुना कॉम्प्युटर चालू केला, चहा पिऊन आले, कप विसळला. लेकीने नव्या सर्व्हरवरही एफटीपीची वाट ठेवली होती, न सांगता. टोकदार कंसांच्या रानात, अचूक वेळेच्या बरोबर खाली, काकांनी एक ओळ लिहिली: 'रविवारी नऊच्या टोल्याला येणाऱ्यांनी लंबकाखालचा नट एक फेरा वर चढवावा.' डावीकडे फाइल तयार झाली. उजवीकडे सर्व्हर वाट बघत होता.

काकांचा हात तिथंच थांबला.

"काय झालं?" लेकीने विचारलं.

"घड्याळ नीट चालायला लागलं तर तो वेळ बघायला कशाला येईल?"

"नाही येणार कदाचित."

"हं."

याला आता चार रविवार झाले. ओळ लिहिलेली फाइल अजून डावीकडेच आहे. काका दर रविवारी ती उघडतात, वाचतात, बंद करतात. नऊ-चार येतो, दोनदा पान उघडतो, जातो. काकू वरून विचारतात, काका सेकंद सांगतात. लेकही आता सकाळी फोन करून विचारते, आणि वर म्हणते, की मी आपलं सहज विचारलं.

"चढवून टाका ना ती ओळ," परवा ती म्हणाली. "घड्याळ बिघडलंय हे माहीत असून तुम्ही गप्प बसलाय, असं आजवर कधी झालं नाही."

"चढवतो. चढवणारच आहे. पण त्याआधी मला एक कळायला हवं," काका म्हणाले. "अकरा वर्षं हा माणूस दर रविवारी घड्याळाचं दार उघडतो, चावी देतो, काटे लावतो. तो नट रोज त्याच्या डोळ्यांसमोर लटकतोय. मग तो फिरवायचा असतो हे त्याला ठाऊकच नाही, की ठाऊक असून तो फिरवत नाही?"